भरल्या गाडीचं माप

ट्रकची कॅबिन वाढवून घ्यायला आलेल्या माणसाला सुखदेव मिस्त्री आधी झोपायला लावत. थट्टा करत नाही, खरं सांगतो. जऊळक्याच्या फाट्यावर त्यांची टिनाची शेड होती. तुम्ही गाडी लावून खाली उतरलात आणि 'मिस्त्री, मागं जागा पाहिजे' म्हणालात, की ते गाडीकडे ढुंकूनही बघत नसत. शेडच्या कोपऱ्यात लाकडाच्या भुशाची पोती आडवी टाकून त्यांवर एक सतरंजी अंथरलेली असे. तिच्याकडे बोट करून म्हणत, "पड तिथं. घरी जसा झोपतो तसा झोप."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं डोकंच फिरलं. तीन दिवसांची गाडी मारून आलो होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि हा म्हातारा मला दवाखान्यातल्यासारखा झोप म्हणतो! मी म्हटलं, "मिस्त्री, मी कॅबिन बनवायला आलो, आजारी पडून नाही आलो." त्यांनी खिशातून चार फुटाणे काढून तोंडात टाकले आणि रंधा मारायला लागले. दहा मिनिटं उभा राहिलो, माणूस मान वर करेना. शेवटी झक मारत त्या सतरंजीवर आडवा झालो. हात शरीराला चिकटलेले, पाय जुळवलेले, डोळे मिटलेले. ते आले, वरून पाहिलं आणि म्हणाले, "हे सोंग हाय. खरा झोप."

आता खरं झोपायचं म्हणजे काय करायचं माणसानं? मनातल्या मनात शिव्या देत पडून राहिलो आणि शिव्या देता देताच कधी डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा ते माझ्याजवळ उकिडवे बसले होते आणि माझ्या गुडघ्यापाशी टेप धरून होते. कानावरची पेन्सिल काढून पाटीवर आकडा लिहिला आणि म्हणाले, "डाव्या कुशीवर झोपतो तू. उजवा गुडघा पोटाशी घेतो. काहून? पाठ दुखते का?"

बावीस वर्षं रस्त्यावर काढली, पण ते मी धंद्यातल्या कोणाजवळ बोललो नव्हतो. ड्रायव्हरची पाठ गेली हे एकदा बाजारात कळलं की भाडं देणारे तोंड फिरवतात. पण झोपेत पकडलेल्या माणसानं खोटं काय बोलायचं? मी सगळं सांगून टाकलं. मणक्यातली गादी सरकली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी काळा फोटो उजेडाकडे धरला आणि स्पष्ट म्हणाले, "रोज सपाट फळीवर, पाय मोकळे करून झोपता येत असेल तर गाडी चालवा. नसेल तर गाडी विका." आणि माझ्या जुन्या दहाचाकीत सीटच्या मागं जी फळी होती ती हातभर रुंद. महिन्यातल्या वीस रात्री मी तिच्यावर मुटकुळं करून काढत होतो.

घरी, धनजला, शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, निकाल लावूनही टाकला होता. "विका ते धूड. धनजले दोन एकर हाय, त्यात करू काई तरी. मले नवरा चालता-फिरता पायजे." तिचं काही चूक नव्हतं. पण मला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही. लोक विचारतात काय करता, मी म्हणतो ड्रायव्हर आहे. ते म्हणताना माझी मान कधी खाली गेली नाही. आता ती गाडी दारातून जाणार की राहणार, हे त्या म्हाताऱ्याच्या टेपवर येऊन ठेपलं होतं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. आम्ही सारे त्यांना भाऊच म्हणत असू. मग फुटाण्यांची एक मूठ मला दिली आणि म्हणाले, "जागा निघीन. पन आधी कागद, मंग करवत."

भाऊ दिसायला अगदीच किरकोळ. पांढरा पायजमा, बाहीचं बनियन, एका खिशात टेप आणि एका खिशात फुटाणे. शेजारच्या खेड्यातून सायकलनं येत आणि सायकलनंच जात. चाळीस वर्षं ट्रकच्या कॅबिनी बनवल्या, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. कोणी म्हटलं, भाऊ, एक चक्कर मारा, तर म्हणत, "बनवनाऱ्यानं चालवाले बसू नये. मंग त्याले सारंच बरोबर वाटते." काम शिकले ते अकोल्याच्या एका बॉडी कारखान्यात. तिथल्या मोठ्या मिस्त्रीनं पहिली काही वर्षं त्यांना रंध्याला हात लावू दिला नाही, नुसता भुसा भरायला ठेवलं. का, ते भाऊंनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या गावातल्या बुद्धविहाराचा दरवाजा मात्र त्यांनी एकट्यानं घडवलाय. सागवानाचा, एकही खिळा न मारता. वाट वाकडी करून बघायला जावं असा आहे.

कामाला सुरुवात होण्याआधीच आमचं वाजलं. मला डोक्यावर माळा हवा होता. त्या वेळी सगळीकडे तीच हवा होती. कॅबिनच्या टपावर पत्र्याची खोली काढायची, तिला दिवे लावायचे, आत गादी टाकायची. मी म्हटलं, "भाऊ, डाला कापू नका, वरती काढा." डाला म्हणजे मागचा, माल भरायचा हौदा. भाऊ म्हणाले, "वर काढीन. मंग पूल उचलून धराले तू येशीन का? अन् वळनावर डोकं जड झालं तं गाडी कुठं जाईन, सांग." मी म्हटलं, डाला कापला तर माल कमी बसेल. त्यावर ते पहिल्यांदा हसले. "माल वजनानं भरतो तू, का फुटानं? वजन तितकंच राह्यते लेका. सोयाबीनच्या पोत्याले पाठ नसते. डाला मालाचा, कॅबिन मानसाची."

असाच एक पाच गाड्यांचा मालक माझ्यादेखत आला होता. त्याला कॅबिनला कळस पाहिजे होता, चारी बाजूंनी आरसे, आणि समोर लोखंडी महिरप. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडले. "तुमाले देऊळ पायजे. मी कॅबिनी बनवतो." तो माणूस बडबडत निघून गेला. त्या पैशावाल्याला असं वाटेला लावलेलं पाहून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझी पाळी आली तेव्हा मात्र तेच बोलणं कडू लागलं.

कागदाची तर वेगळीच गंमत. भाऊंनी चौकडीच्या कागदावर माझ्या गाडीचा नकाशा काढला. कंपासपेटी पोरांच्या शाळेतली, पण रेघ अशी की साहेबानं पाहत राहावं. कॅबिन किती, डाला किती, मागं किती लोंबतं, उंची किती, सगळं लिहिलं आणि मला वाशीमला आरटीओत धाडलं. परवानगी हातात येईपर्यंत माझ्या गाडीचा एक नट त्यांनी सैल केला नाही. मी हेलपाटे मारून मेटाकुटीला आलो. एकदा म्हटलं, "भाऊ, काम करून टाकू, कागद नंतर घेऊ. सगळे तसंच करतात."

"सगळे मंजे कोन?" भाऊ म्हणाले. "ते तिकडं उभी हाय ते गाडी पाह्य."

शेडच्या मागं एक ट्रक उभा होता, दुसरीकडे, कागद न काढता, नवी कोरी कॅबिन वाढवून घेतलेला. पासिंगला नापास झाला होता. म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही हे साहेब तपासतात, त्यात बसला नव्हता. आता मालक ती वाढवलेली जागा भाऊंकडून कापून घेणार होता. भाऊ त्या ट्रककडे पाहत म्हणाले, "अशा कापाले येतात मायाकडे. कापतानी मले लय वाईट वाटते. काम कोनाचंबी असो, लाकूड तं चांगलं असते ना." मी पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

परवानगी आली आणि काम सुरू झालं. मी भाडी बंद ठेवून तिथंच ठाण मांडलं, कारण मला माझ्या गाडीला कोणी हात लावला की चैन पडत नाही. पण भाऊंचं काम पाहताना माझी कटकट आपोआप बंद झाली. डाल्याची पुढची बाजू त्यांनी सव्वा फूट मागं घेतली. नवी कॅबिन चेसिसवर बसवायची वेळ आली तेव्हा मी ड्रिल मशीन आणून दिलं. त्यांनी ते उचलून माझ्याच हातात परत ठेवलं. "चेसिस मंजे गाडीचा कना. कन्याले भोक पाडते का कोनी? तुया पाडलं का डॉक्टरनं?" सगळी कॅबिन त्यांनी यू-बोल्टांनी चेसिसला आवळून बसवली, खाली रबर घालून. ना भोक, ना वेल्डिंग. मागं काच, दोन्ही बाजूंना आरसे, बर्थच्या वर हवेला झरोका. आणि बर्थ! अहाहा! या दारापासून त्या दारापर्यंत सरळ फळी. रुंदी इतकी की मी कुशीवर झोपून गुडघा पोटाशी घेतला तरी गुडघा फळीवरच. इतकी खोल कॅबिन त्यांनी आजवर कोणाला बनवली नव्हती. ते मला नंतर कळलं, आणि कसं कळलं तेच आता सांगतो.

पासिंगची तारीख चार दिवसांवर आली. रंग वाळला होता. मी शोभाला फोन करून सांगितलंही, की गाडी राहिली बरं का आपली. तेव्हा भाऊ म्हणाले, "एक खेप भरून मार. मी येतो संगं."

ही त्यांची रीत होती. गाडी कारंज्याच्या बाजारात नेली, सोयाबीन भरलं. निघण्याआधी भाऊंनी एका डबीत गेरू कालवला आणि डाल्याच्या पुढच्या कडेला, कॅबिनकडच्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत लावला. कॅबिन आणि डाला यांच्यात चार बोटं मोकळी जागा ठेवलेली असते. खड्ड्यात एक चाक उतरलं की चेसिस पीळ खातं आणि डाला एकीकडे, कॅबिन दुसरीकडे झुकते. मध्ये जागा नसेल तर दोघांची टक्कर. गेरूचा डाग कॅबिनच्या पाठीवर उमटला की समजायचं, घासतंय.

मी मुद्दाम खराब रस्त्यानं गाडी आणली. भाऊ शेजारी बसून पूर्ण वाट मागच्या काचेकडे तोंड करून होते. शेडवर आलो, उतरलो. भाऊ स्टूल घेऊन चढले, त्या फटीत मान घातली आणि बराच वेळ तिथंच राहिले. मीही चढलो. कॅबिनच्या पाठीवर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा लाल डाग होता.

"एवढाच ना," मी म्हटलं आणि खिशातला रुमाल काढला. "पुसून टाकतो. पासिंगले गाडी रिकामी न्यायची असते. रिकाम्या गाडीत घासत नाही. साहेबाले काही दिसणार नाही."

भाऊंनी माझं मनगट धरलं. हात इतका बारका, पण पकड लोखंडाची. "साहेब रिकामी गाडी पाहीन, रामेसर. तू भरल्या गाडीत झोपशीन."

मग ते खाली उतरून भुशाच्या पोत्यांवर बसले आणि स्वतःवरच चिडल्यासारखे बोलू लागले. "माही चूक हाय. तुया गुडघ्यासाठी म्या कॅबिन खोल घेतली. जितकी खोल, तितकं तिचं मागचं टोक जास्त हालते. हे मले समजाले पायजे होतं. मानसाचं माप घेतलं अन् भरल्या गाडीचं इसरलो." मग म्हणाले, "पाठ खोलतो. दोन इंच पुढं घेतो. नकाशाबी नवा काढा लागीन, कागदबी नवा."

नवा कागद! म्हणजे पुन्हा वाशीमचे हेलपाटे, पुन्हा तारीख, पुन्हा गाडी उभी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आणि दोन इंच कमी म्हणजे माझा गुडघा पुन्हा हवेत! मी काय काय बोललो ते आठवलं की आजही लाज वाटते. "तुमचं नाव राखायसाठी माझी भाकर बुडवता तुम्ही. नखाएवढा डाग, आणि तुम्ही गाडी फाडता? तुम्हाला काम येत नसेल तर तसं सांगा!" हे मी त्या माणसाला म्हणालो. काम येत नाही म्हणालो!

भाऊ उठले, आणि कॅबिनच्या पाठीचे स्क्रू एकेक करून काढायला लागले. मी गाडी तिथंच टाकून एसटीनं धनजला निघून आलो.

दोन दिवस मी घरी धुसफुसत होतो. शोभानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता म्हणेल, बरं झालं, विका. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पातळ बदलून पायात चप्पल घालूनच समोर उभी राहिली. "चला, मले त्या मिस्त्रीले पाहू द्या."

आम्ही पोहोचलो तेव्हा भाऊ एकटेच काम करत होते. कॅबिनची पाठ उघडी पडली होती. शोभानं इकडे तिकडे न बघता, माझ्याकडे बोट करून सरळ विचारलं, "भाऊ, यायची पाठ सरळ राहीन का यात? खरं सांगा. नाई तं मी गाडी इकून टाकते."

"राहीन बाई," भाऊ म्हणाले. "पन मले आठ दिवस द्या. आज होते म्हनलं तं ते खोटं होईन."

शोभा माझ्याकडे वळली. "असं खरं बोलनारा मानूस तुमाले बावीस वर्सात भेटला नसन. अन् तुमी त्याच्याशी भांडून आले?" मग तिनं डब्यातून आणलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला आणि आधी भाऊंच्या पुढ्यात ठेवला. मला नंतर दिला, तोही नाक मुरडून. मी भाऊंची माफी मागितली. शब्द काही धड जुळले नाहीत. भाऊ म्हणाले, "खाय आधी. भुकेल्या पोटी मानूस काईबी बोलते अन् काईबी कबूल करते."

आणि त्या आठ दिवसांत भाऊंनी जे केलं ते मी आजवर दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिलं नाही. पाठ दोन इंच पुढं आली. मग ड्रायव्हर सीट आणि शेजारची सीट यांच्या मधल्या जागेत त्यांनी बर्थला एक बिजागरीची फळी जोडली. दिवसा खाली लोंबते, झोपताना वर करून अडकवायची. केवढी? बरोबर माझ्या उजव्या गुडघ्याएवढी. दोन सीटांच्या मधून माझा गुडघा पुढं येतो आणि तिच्यावर टेकतो. गिअरला अडचण नाही, हँडब्रेकला नाही. चालताना ती वर येऊ नये म्हणून एक पितळी खटका. त्या फळीच्या कडा भाऊंनी अर्धा दिवस घासल्या. मी म्हटलं, कोण बघतंय? ते म्हणाले, "गुडघा पाहते ना."

पुन्हा सोयाबीन भरलं, पुन्हा गेरू लावला, पुन्हा तोच रस्ता. परत येऊन मी भाऊंच्या आधी स्टुलावर चढलो. कॅबिनची पाठ कोरी होती. मी खाली पाहून ओरडलो, "काई नाई भाऊ!" भाऊंनी तरी स्वतः चढून, बोट फिरवून पाहिलंच.

नवा कागद आला, तारीख आली. गाडी रिकामी करून वाशीमला नेली. भाऊ आले, पण आवारात आले नाहीत. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर, गाडीकडे पाठ करून बसले. साहेब तरुण होते, कडक होते. टेप लावून लांबी घेतली, उंची घेतली, नकाशाशी ताडून पाहिली. आरसे, काच, ब्रेक, दिवे, सगळं बघितलं. खाली वाकून यू-बोल्ट पाहिले आणि 'हं' म्हणाले. गुडघ्याची फळी वर-खाली करून बघितली, खटका लावला, काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी कागदावर सही केली. कॅबिन आणि डाल्याच्या मधल्या फटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी धावत टपरीवर गेलो. "झाली भाऊ, पास झाली!" मग राहवलं नाही म्हणून म्हणालो, "पण फट पाहिलीच नाही हो त्यानं. एवढं सगळं केलं आपण, आणि पाहिलीच नाही."

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "बरं झालं नाई पाह्यली. पाह्यली असती तं मले वाटलं असतं, त्याच्यासाठीच केलं होतं."

त्यानंतर मी सलग तीन वर्षं ती गाडी चालवली आणि पाठीनं एकदाही रजा मागितली नाही. डॉक्टरांनी नवा फोटो काढला तेव्हा त्यांनीच विचारलं, झोपता कुठे? मी म्हटलं, गाडीत. त्यांना खरं वाटेना. मी मोबाइलवर कॅबिनचा फोटो दाखवला तेव्हा माझी छाती फुगली होती, जणू मीच ती बनवली.

एकदा हिंगोलीच्या वाटेवर भर दुपारी गाडी कडेला घेऊन झोपलो होतो. गाडी गच्च भरलेली, तुरीची पोती. पावसानं रस्त्याची कड आतून पोकळ झाली होती, ते मला काय माहीत! मागचं डावं चाक एकाएकी धसलं. मी गडगडलो, पण फळीवरच राहिलो. डोक्याच्या बाजूनं करकर आवाज आला आणि थांबला. खाली उतरून पाहिलं तर चेसिस नुसतं पिळलेलं, डाल्याचा कोपरा कॅबिनकडे झुकलेला, आणि माझं डोकं जिथं होतं तिथली पत्र्याची पाठ साबूत. डाला आणि तिच्यामध्ये कसंबसं एक बोट जात होतं. जुन्या मापानं पाठ दोन इंच मागं असती. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला चिखलात बसलो. नखाएवढा डाग रुमालानं पुसायला निघालेला मी!

क्रेननं गाडी वर काढली आणि मी घरी न जाता आधी जऊळका गाठलं. भाऊंना सगळं सांगितलं. मला वाटलं खूश होतील. त्यांनी त्या फटीत बोटं घालून पाहिली, जमिनीकडे बघून काही हिशेब केला आणि म्हणाले, "एकच बोट उरलं म्हंतो? कमी हाय. पुढच्याले दोन उरतीन असं ठेवीन." पण सायकलवर टांग टाकताना ते गुणगुणत होते. चाळीस वर्षांत त्यांना गुणगुणताना कोणी ऐकलं नव्हतं, असं फाट्यावरचा चहावाला म्हणाला.

पुढच्या कॅबिनी मात्र फार झाल्या नाहीत. कंपनीतूनच बर्थवाल्या कॅबिनी येऊ लागल्या, गुळगुळीत, थंड हवेच्या. त्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांत कोणाचाच गुडघा मोजलेला नसतो. भाऊंनी शेड बंद केली, हत्यारं तेल लावून कपड्यात गुंडाळली. अधूनमधून मी फाट्यावर थांबलो की ते सायकलनं यायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, यू-बोल्ट हातानं चाचपायचे आणि फुटाणे देऊन जायचे. शोभानं त्यांच्यासाठी दर खेपेला ठेच्याची बरणी दिलीच म्हणून समजा.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. झोपेतच गेले. बातमी आली तेव्हा मी हैदराबादला माल उतरवत होतो. मातीला पोहोचणं शक्यच नव्हतं. त्यांच्या गावी बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीचा, कार्यक्रम होता, तेवढा तरी गाठायचाच म्हणून निघालो. सगळं अंतर सरळ बसून, सरळ झोपून, पाठीची एक कळ न येता मी ते गाव गाठलं आणि गाडी विहारासमोर उभी केली.

आत लोक एकेक करून उठून बोलत होते. कोणी त्यांचा भाचा, कोणी गावचे सरपंच, कोणी शिक्षक. प्रत्येक जण आपली ओळख सांगायचा, भाऊंविषयी दोन शब्द बोलायचा. समोर बसलेले वयस्कर गृहस्थ मला ओळखत नव्हते. त्यांनी मला खुणेनं उठवलं आणि विचारलं, "तुमी कोन? मिस्त्रीचे कोन लागता?"

मी उठलो. बोलायला काय काय ठरवून आलो होतो, ते सगळं बाजूला राहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान ताठ केली आणि एवढंच म्हणालो, "मी ड्रायव्हर आहे. अजून."